खाडीच्या माशांचं छोटं मत्स्यालय : आपल्याकडे कुठे आहे का?

वाशिष्ठीकाठची

नमस्कार मंडळी. आम्ही सहा वर्षं जपानात, ओकायामाला राहतो. गेल्या सुट्टीत मात्सुएला जाऊन आलो. शिंजी सरोवराकाठचं हे शहर सूर्यास्तासाठी प्रसिद्ध आहे, पण मला सांगायचंय ते वेगळंच.

मात्सुएहून इझुमोकडे इचिबाताची छोटी गाडी जाते, सरोवराच्या उत्तर काठाकाठाने. वाटेत कोयूकान-शिनएकी नावाचं टिचभर स्टेशन लागतं. तिथून दहाएक मिनिटं शेतांमधून चाललं की 'गोबियुस' येतं. शिमाने प्रांताचं हे मत्स्यालय २००१ साली सुरू झालं. आत शार्क नाहीत, डॉल्फिन नाहीत, काचेचा बोगदा नाही. शिमानेच्या नद्या, शिंजी सरोवर आणि त्याला जोडलेलं नाकाउमी सरोवर, एवढ्या पाण्यात जे राहतं तेच आहे.

हे पाणी समजून घेण्यासारखं आहे. शिंजी सरोवराला एका अंगाने हिई नदी मिळते, तिचं पाणी गोडं. दुसऱ्या अंगाने ओहाशी नदी त्याला नाकाउमीशी जोडते आणि नाकाउमी पुढे समुद्राला. म्हणून नाकाउमीचं पाणी समुद्राच्या निम्मं खारट आणि शिंजीचं जेमतेम दहावा हिस्सा. जिभेला लागेल न लागेल इतकंच. पण त्या तेवढ्या मिठावर तिथलं सगळं जग उभं आहे.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबले ते शिराउओच्या टाकीसमोर. बोटाएवढा मासा, अख्खा पारदर्शक. आधी टाकी रिकामीच वाटते. मग दोन काळे ठिपके सरकताना दिसतात, ते त्याचे डोळे. मग आणखी दोन. मग कळतं की टाकी भरलेली आहे. माझी लेक सात वर्षांची. तिने काचेला नाक लावून विचारलं, "आई, आजोबांच्या खाडीत कोण कोण राहतं?"

माझं माहेर दाभोळच्या खाडीकाठी. मी पाच नावं सांगितली आणि थांबले. त्या पाचांतले चार मी फक्त टोपलीत आणि ताटात पाहिलेत. पाण्यात पोहताना एकही नाही.

आणखी एक. 'गोबियुस' हे गोबी माशाचं शास्त्रीय नाव. घरी येऊन शोधलं तर आपले चिखलात उड्या मारणारे निवटे त्याच गोतातले निघाले! म्हणजे इथे निवट्याच्या भाऊबंदांच्या नावाने सरकारी इमारत उभी आहे.

तर प्रश्न असा : फक्त आपल्या नदी-खाडीतले मासे दाखवणारं असं छोटं मत्स्यालय महाराष्ट्रात किंवा गोव्यात आहे का? नसेल तर करायला किती कठीण आहे?

सुरमईप्रेमी

धागा आवडला. पण मला घेऊन जाऊ नका. मी टाकीसमोर उभा राहून "ही चिंबोरी भरलेली आहे की पोकळ" असं विचारणारा माणूस आहे.

अनुराधा_क

सुरमईप्रेमी, आमच्या घरचे सगळे तसेच आहेत. आम्ही लहानपणी मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय बघायला गेलो तेव्हा आजी प्रत्येक टाकीपुढे थांबून कशाचं कालवण आणि कशाचं सुकं ते सांगत होती. मागे इतर लोकही ऐकायला उभे राहिले होते.

तारापोरवाला १९५१चं. मरीन ड्राइव्हवर, चर्नी रोडजवळ. २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन उघडलं होतं, मग कोविडपासून बंदच. मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांनी जिवंत मासा पहिल्यांदा तिथे पाहिला असेल.

रत्नांग्रीकर

वाशिष्ठीकाठची ताई, रत्नागिरीला झाडगावात सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं. १९५८ सालचं. तिथे मत्स्यालय आणि संग्रहालय दोन्ही आहे. देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे, तो पाहिला नाही असा रत्नागिरीचा शाळकरी मुलगा सापडणार नाही. आमची सहल तिथेच जायची, आता माझ्या मुलांचीही जाते. तुमच्या प्रश्नाचं हे जवळात जवळचं उत्तर. मात्र तिथे समुद्राचे मासे आहेत, शोभेचेही आहेत. 'फक्त खाडी' असं नाही.

ठाणे_खाडी_मित्र

ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. खारफुटीतून लाकडी वाट काढलीय, माहितीचं दालन आहे, फ्लेमिंगो बघायला बोटी सुटतात. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. पण तिथे जाणारे दहातले नऊ जण वर बघतात, पक्ष्यांकडे. ओहोटीच्या वेळी जरा खाली चिखलाकडे बघा. निवटे उड्या मारत असतात, शेंदरी नांगीचे खेकडे नांग्या हलवत असतात. फुकटचं मत्स्यालय.

परखड

मला हा धागा पटला नाही. जिवंत प्राणी काचेत कोंडून मुलांना काय शिकवणार? खाडी दहा मिनिटांवर आहे, मुलांना खाडीवर न्या. शिवाय परदेशात गेलं की तिकडचं सगळं चकचकीत दिसतं आणि इकडचं सगळं वाईट. मी एका शहरातल्या मत्स्यालयात गेलो होतो. काचांवर शेवाळ, अर्ध्या टाक्या रिकाम्या, उरलेल्यांत मरगळलेले गोल्डफिश. बाहेर पडताना वाईट वाटलं. अशी आणखी एक जागा नको.

वाशिष्ठीकाठची

परखड, खाडीवर न्यावं हे शंभर टक्के मान्य. पण आपली खाडी गढूळ आहे. गढूळ असणं हा तिचा दोष नाही, गाळ हेच तिचं अन्न आहे. तिच्यात वाकून पाहिलं तर आपलंच तोंड दिसतं. शिंजी सरोवरही काठावरून बघताना नुसतं करडं पाणी आहे. आत शिराउओ आहे हे मला काचेमुळे कळलं, आणि कळल्यावर मी परत काठावर गेले तेव्हा ते पाणी वेगळं दिसलं.

"तिकडचं सगळं चकचकीत" असं मात्र मी म्हटलेलं नाही. शिंजी-नाकाउमीची गोष्ट चकचकीत मुळीच नाही. रात्री लिहिते.

टिंब

मध्येच एक प्रश्न. 'निमखारं' हा शब्द तुम्ही बोलताना वापरता का? मी तो फक्त सरकारी कागदावर पाहिलाय. "निमखाऱ्या पाण्यातील कोळंबी संवर्धन" वगैरे.

दर्याचा_पोर

आमच्याकडे मचूळ म्हणतात. विहिरीत खाडीचं पाणी शिरलं की विहीर मचूळ झाली. चहा नासतो त्या पाण्यात.

अनुराधा_क

मचूळ म्हणजे मला वाटायचं बेचव, शिळकट पाणी. आई माठात दोन दिवस राहिलेल्या पाण्याला मचूळ म्हणायची. आम्ही देशावरचे.

दर्याचा_पोर

बरोबर, तुमच्याकडे खाडी नाही ना. शब्द राहिला, मीठ गेलं. 🙂

वाशिष्ठीकाठची

दर्याचा_पोर, हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

आता ती गोष्ट. १९६३ साली जपान सरकारने नाकाउमीत भराव घालून शेतजमीन काढायची आणि दोन्ही सरोवरं गोडी करून त्यांचं पाणी शेतीला द्यायचं, असा प्रकल्प सुरू केला. समुद्राचं पाणी अडवायला दरवाजांचं धरणही बांधून झालं. आपल्याकडे खाजणाला बांध घालून खारं पाणी रोखतात तेच, पण केवढ्या मापाचं! विरोध केला कोळ्यांनी, शिजिमीवाल्यांनी आणि गावकऱ्यांनी. शिजिमी म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढी काळी शिंपली. मोठी झालेली शिजिमी गोड्या पाण्यात तग धरते, पण तिची पिल्लं व्हायला थोडं मीठ लागतंच. सरोवर गोडं केलं असतं तर काही वर्षं सगळं ठीक दिसलं असतं आणि मग एक दिवस शिजिमी संपली असती.

१९८८ मध्ये गोडं करण्याचं काम थांबलं. २००० मध्ये शेवटचा मोठा भराव रद्द झाला आणि २००२ मध्ये गोडं करण्याची योजनाच रद्द. पुढे ते दरवाजेही काढून टाकले. २००५ मध्ये दोन्ही सरोवरं रामसर यादीत आली. म्हणजे ज्या पाण्याला ४० वर्षं 'सुधारायचं' चाललं होतं, ते आहे तसंच मोलाचं ठरलं. ते मत्स्यालय २००१चं, हा वाद संपत आला होता त्याच सुमाराचं. तिथे उभं राहिल्यावर मला हे सारखं आठवत होतं.

सह्यवारा

वा ताई, हे माहीत नव्हतं. यात पुढची एक गोष्ट घालतो. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात शिंजी सरोवरावर एक शोधनिबंध आला होता, मासुमी यामामुरो आणि सहकाऱ्यांचा. १९९३ पासून भोवतालच्या भातशेतीत निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशकं वापरात आली. त्याच सुमारास सरोवरातले सूक्ष्म प्राणी वसंत ऋतूत सरासरी ८३ टक्क्यांनी घटले आणि ते खाऊन जगणाऱ्या वाकासागी माशाची वर्षाची पकड २४० टनांवरून २२ टनांवर आली. इमिडाक्लोप्रिड हे त्याच गटातलं, आपल्याकडेही सर्रास फवारतात. भाताच्या खाचरातलं पाणी शेवटी जातं कुठे? ओढ्यात, नदीत, खाडीत. मासा जाळ्यातच संपतो असं नाही, त्याचं ताट आधी रिकामं होतं.

परखड

ठीक आहे, चकचकीत हा शब्द मागे घेतो. ही माहिती चांगली आहे. टाकीबद्दलचं मत मात्र कायम.

सुरमईप्रेमी

त्या शिजिमीचं करतात काय ते कोणीच विचारेना, म्हणून विचारतो.

वाशिष्ठीकाठची

मिसो सूप! सकाळी न्याहारीला. शिंपल्या आधी रात्रभर किंचित खारट पाण्यात ठेवून वाळू सोडायला लावतात, आपण तिसऱ्यांना करतो तसंच. काढण्याची पद्धतही पाहिली. लहान होडी, लांब बांबू, टोकाला दात असलेली लोखंडी टोपली, ती तळावरून ओढत न्यायची. बारीक शिंपल्या गजांमधून परत खाली पडतात. रोज किती काढायच्या याला मर्यादा, तास ठरलेले, सुट्टीचे वार ठरलेले.

आणि शिंजी सरोवराची 'सात रत्नं' आहेत. सुझुकी हा मासा, मोरोगे-एबी ही कोळंबी, उनागी म्हणजे वाम, आमासागी, शिराउओ, कोइ म्हणजे कार्प आणि शिजिमी. आमासागी म्हणजे वर सह्यवारा यांनी लिहिलेला वाकासागीच, तिकडचं नाव वेगळं. सातांची आद्याक्षरं जोडली की 'सुमोउ आशिकोशि' होतं, म्हणजे सुमो पैलवानाचे पाय-कंबर. शाळेतली पोरं असंच पाठ करतात.

रत्नांग्रीकर

तिसऱ्यांची एकशिपी शिजिमीला ऐकणार नाही, एवढंच नोंदवतो. ओलं खोबरं, आंबटाला दोन सोलं, वरून कोथिंबीर. सूप राहूदे तिकडेच.

पण ही सात रत्नांची कल्पना झकास आहे. आपल्या खाडीची सात कोणती?

दर्याचा_पोर

जिताडा पहिला. यावर वाद नको.

अनुराधा_क

कोळंबी. तिसऱ्या.

ठाणे_खाडी_मित्र

निवटे. चिंबोरी. बोय. हे तीन ठाणे खाडीतर्फे.

रत्नांग्रीकर

काळुंदर राहिला की! केरळवाले करीमीन म्हणून मिरवतात तोच हा. झाले सात.

टिंब

थांबा, जुळवतो. चिंबोरी, काळुंदर, तिसऱ्या, निवटे, जिताडा, कोळंबी, बोय.

चि-का-ति-नि जि-को-बो.

"चिकाटीनी जिंको बो!"

सुरमईप्रेमी

टिंब, साष्टांग नमस्कार. माझ्या भाचीला आत्ता फोनवर पाठ करून दाखवलं.

दर्याचा_पोर

आमच्या आजोबांनी ऐकलं असतं तर होडीवर रंगवून घेतलं असतं.

जिताड्याचं थोडं लिहितो, कारण तो नुसता खायचा मासा नाही. पेण-अलिबागकडे घरामागच्या तळ्यात जिताडा पोसतात. जावई आला, सरकारी पाहुणा आला की काढतात. पण तळ्यात त्याची वीण होत नाही, पिल्लं खाडीतूनच आणावी लागतात. मोठा मासा खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पिल्लं भरतीबरोबर आत येतात आणि गोड्याकडे सरकतात. आणखी गंमत म्हणजे जिताडा आधी नर असतो आणि वय वाढलं की मादी होतो. म्हणजे सगळे मोठे जिताडे काढून टाकले की काढल्या जातात त्या माद्याच. हे आम्हाला शाळेत कोणी सांगितलं नाही. मला मत्स्यविभागाच्या एका शिबिरात, वयाच्या चाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर मी वीस वर्षं मासेमारी केली होती.

म्हणून मत्स्यालय हवं. परखड साहेब, पोरांना खाडीवर नेणारे आम्ही आहोतच. पण जिताड्याचा हा प्रवास खाडीवर उभं राहून दिसत नाही.

परखड

दर्याचा_पोर, तुमच्या या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही. मी विचार करतोय.

सह्यवारा

उलट दिशेने जाणारा प्रवासी म्हणजे अहिर, आपल्या नद्यांतली मोठी वाम. ती वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात, दगडांच्या कपारीत वाढते आणि अंडी घालायला समुद्रात जाते. शिंजी सरोवरातल्या उनागीचं तेच. जिताडा वर येतो, अहिर खाली जाते, मध्ये बंधारा आला की दोघांचीही वाट अडते. कोकणातल्या लहान नद्यांवर आता किती बंधारे आहेत ते आपापल्या गावात मोजून बघा.

पण सगळीकडे वाईटच नाही. महाडजवळ बिरवाडीच्या पुढे काळ नदीत वाळणकोंड आहे. वरदायिनीच्या नावाने तो डोह राखलेला. तिथले महासीर कोणी धरत नाही. चुरमुरे टाकले की हाताएवढे मासे पाण्यावर येतात, पाणी उकळल्यासारखं दिसतं. हे मत्स्यालय किती शतकांचं आहे कोण जाणे, आणि काच एकही नाही. लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटा पॉवरचं महासीर बीजोत्पादन केंद्रही सत्तरच्या दशकापासून चालू आहे.

ठाणे_खाडी_मित्र

गोड्या पाण्याचं निघालंच आहे तर शोभेच्या माशांबद्दल एक कळकळीची विनंती. घरचा टँक आवरायचा झाला की लोक मासे नदीत, तलावात सोडतात. पुण्य लागेल म्हणून. उजनीत सकरमाऊथ सापडतोय तो असाच कुणीतरी सोडलेला. काटेरी कातडीचा, जाळी फाडतो, बाजारात त्याला कोणी विचारत नाही. तिलापियाने तर किती ठिकाणी देशी माशांची जागा घेतलीय. मत्स्यालय करा, पण परदेशी मासे नकोत, आणि काही सोडायचं झालं तर जिथून आणलं तिथेच.

गुरुजी_गुहागर

बरेच दिवस धागा नुसता वाचतोय, आज लिहायला बसलो. मी गुहागर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. शाळेपासून खाडी पंधरा मिनिटांवर.

काल पाचवीच्या वर्गात फळ्यावर 'चिकाटीनी जिंको बो' लिहिलं आणि मुलांना ओळखायला सांगितलं. चार मिनिटांत सातही नावं आली. मग एका मुलीने विचारलं, "गुरुजी, यात अहिर का नाही?" तिचे वडील अहिर धरतात. मी म्हटलं, तू आठवं रत्न म्हणून घाल.

वाशिष्ठीकाठच्या ताईंनी विचारलं होतं की करायला किती कठीण आहे. इमारत वगैरे माझ्या हातात नाही. पण शाळेत एक खोली रिकामी आहे आणि एका माजी विद्यार्थ्याने तीन फुटी दोन टाक्या दिल्यात. एकात ओहळाचे मासे, दुसऱ्यात खाडीचे, असं मनात आहे. ओहळाचं मला जमेल. पावसाच्या तोंडाला चढणीचे मासे आमच्या खाचरात येतातच. खाडीच्या पाण्याचं काही कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

दर्याचा_पोर

गुरुजी, चढणीचे म्हणजेच आमचे वलगणीचे. एक विनंती, त्यातले पोट भरलेले ठेवू नका. ते अंडी घालायला निघालेले असतात. त्यांना जाऊ द्या.

गुरुजी_गुहागर

अगदी. दोन-चार बारीक तेवढे ठेवू. मुलांना आधी तेच समजावणार आहे.

सह्यवारा

गुरुजी, मी बारा वर्षं निमखाऱ्या पाण्याची टाकी सांभाळलीय. (टिंब, मीही 'निमखारं'च म्हणतो, सवय झालीय.) अनुभवाने सांगतो.

पाणी खाडीचंच घ्या, पण भरतीचं, बांधापासून दूर, आणि पावसाच्या मोठ्या सरीनंतर लगेच नको. रात्रभर ठेवून गाळ बसू द्या, मग कापडातून गाळा. खारटपणा कमी करायचा तर विहिरीचं पाणी घाला. नळाचं असेल तर दिवसभर उघडं ठेवून मगच, नाहीतर क्लोरीन मासे मारेल. घरातलं आयोडीनचं मीठ ढवळू नका. खारटपणा मोजायला तरंगकाटा मिळतो, महाग नाही. टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी झालं की मीठ मागेच राहतं. म्हणून वाफेची भरपाई नेहमी गोड्या पाण्याने करायची, खाऱ्याने नाही. ही चूक मी पहिल्या उन्हाळ्यात केली आणि मासे गमावले.

मासे घालायची घाई नको. गाळणी चालू ठेवून तीन-चार आठवडे टाकी तशीच पिकू द्या, नुसती कोळंबीची दोन पिल्लं ठेवून. माशांची घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. लोक इथेच घाई करतात, आणि मग 'मासे टिकत नाहीत' म्हणून सोडून देतात.

निवट्यांसाठी टाकी अर्धीच भरा, चिखल-वाळूचा उतार करा, वर यायला जागा द्या. निवटा ओल्या कातडीतून आणि तोंडातल्या ओल्या अस्तरातून हवा घेतो, सतत पाण्याखाली ठेवला तर गुदमरतो. वर झाकण घट्ट हवं, तो काचेवर चढतो. दोनपेक्षा जास्त नको, मारामाऱ्या करतात. जिताड्याचं पिल्लू त्याच टाकीत अजिबात नको, बाकी सगळ्यांना खाऊन टाकेल.

परखड

गुरुजी, वीज गेली तर? आमच्याकडे पावसाळ्यात दोन दोन दिवस जाते. हवेचा पंप बंद पडला तर मासे रात्रीत मरतील. मी मागे विरोध केला तो याच भीतीने.

मार्ग सुचवतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मिळतो. दोन टाक्यांसाठी दोन, मी पाठवतो. पत्ता निरोपातून कळवा. आणि मासे कमी ठेवा, मोठे झाले की परत खाडीत सोडा, नवे आणा. असं असेल तर माझा विरोध नाही.

गुरुजी_गुहागर

परखड, मनापासून आभार. मुलांना हेच आवडेल, मासा पाहुणा म्हणून यायचा आणि आपल्या घरी परत जायचा. निरोप पाठवलाय.

अनुराधा_क

हा धागा कुठून कुठे आला! परखड, तुमच्याबद्दलचं माझं मत आज बदललं.

वाशिष्ठीकाठची

गुरुजी, मला काय लिहावं सुचत नाहीये. तुम्ही आमच्याच खाडीवर आहात.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. कोयनेचं पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीतच सोडतात. वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत. घाटावर पडलेला पाऊस कृष्णेतून बंगालच्या उपसागराकडे जायचा, तो बोगद्यातून उतरून आपल्या खाडीत येतो. म्हणजे आपल्या खाडीचा गोडेपणा काही अंशी माणसाने ठरवलेला आहे, शिंजी सरोवराचा ठरवायला निघाले होते तसाच. बाबा म्हणायचे की जुने कोळी सांगायचे, पूर्वी खाडीचं पाणी उन्हाळ्यात अजून वरपर्यंत खारं व्हायचं. मुलांनी तरंगकाटा घेऊन दर महिन्याला धक्क्यावरचं पाणी मोजलं आणि वहीत लिहून ठेवलं तर?

लेकीने शिराउओचं चित्र काढलंय. पांढऱ्या कागदावर दोन ठिपके, बस. ते तुमच्या मुलांना पाठवते आहे. तिला त्या बदल्यात निवट्याचं चित्र हवंय.

गुरुजी_गुहागर

पाठवतो. खारटपणाची वही आजच सुरू केली. पहिल्या पानावर त्या अहिरवाल्या मुलीचं अक्षर आहे, तिचंच सगळ्यात सुवाच्य.

टाकी गेले चार आठवडे पिकते आहे. पाणी स्वच्छ दिसतंय, कोळंबी जिवंत आहेत. आता निवटे आणायचे. दर्याचा_पोर, तुम्ही निरोपात येतो म्हणाला होतात. पंचांगावरून ओहोटी कशी काढतात ते मुलांसमोर सांगाल का? पुस्तकातली आकृती त्यांना समजत नाही.

दर्याचा_पोर

सोपं आहे गुरुजी. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अमावास्या किंवा पुनव म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरती सव्वाअकराच्या आसपास. त्यात सहा तास पुढे-मागे ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण होडी बांधायला पुरतं.

शनिवारी अष्टमी. आठची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी बाराला. पोरांना साडेअकराला धक्क्यावर आणा. चपला नकोत, चिखलात अडकतात. झाकणाचे डबे आणा, झाकणाला भोकं पाडून. पाग (फेकायचं जाळं) मी आणतो, पण निवट्याला पाग लागत नाही, हातच लागतो.

परखड

शनिवारी मी चिपळूणला बहिणीकडे आहे. पंप पोस्टाने पाठवायच्या ऐवजी घेऊनच येतो. साडेअकरा नक्की ना?